पांडेसऱ्याची चतुःसीमा

सुरतेच्या दक्षिणेस, उधना स्थानक मागे टाकून गाडी भेस्तानच्या दिशेने निघाली म्हणजे उजव्या हातास जो धुरांड्यांचा समुदाय दृग्गोचर होतो, आणि ज्याच्या पायथ्याशी कोऱ्या कापडाचे ताके, टेम्पो, डबे घेतलेले कामगार आणि त्यांना हाका मारणारे मुकादम यांची अहोरात्र ये-जा चालू असते, त्या वसाहतीस पांडेसरा म्हणतात. आणि या पांडेसऱ्यास इतिहास आहे, असे विधान कोणी तेथील चहाच्या लारीपाशी केले, तर श्रोत्यांपैकी निम्मे लोक सहानुभूतीने हसतात व उरलेले निम्मे, बोलणारा गृहस्थ जमिनीचा दलाल असावा असा तर्क करून, भाव विचारतात.

यात श्रोत्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. पांडेसऱ्यात 'जुने' या विशेषणाची मुदतच फार थोडी. ज्या गिरणीचा मालक एकदा बदलला ती जुनी गिरणी, ज्या इमारतीचा गिलावा दोन पावसाळ्यांत उडाला ती जुनी इमारत, आणि जो मनुष्य २००६ च्या महापुराच्या आधीपासून येथे राहतो तो तर ऋषितुल्यच समजला जातो. भाड्याच्या खोलीपासून उपवर मुलीच्या स्थळापर्यंत सर्व बाबतींत लोक त्याचा सल्ला घेतात. सुरतेची कालगणना शककर्त्या राजांवर अवलंबून नाही, ती आपत्तींवर चालते. अडुसष्टची रेल, चौऱ्याण्णवचा प्लेग, दोन हजार सहाची रेल, अशी ही शकमालिका आहे. (पुरास येथे रेल म्हणतात; आगगाडी अभिप्रेत असेल त्याने गाडी म्हणावे, नाहीतर 'रेल आली' एवढे ऐकून खालच्या मजल्यावरचे लोक गाद्या उचलू लागतात.)

अशा मुलखात जुने नकाशे जमवून त्यांत आपली वस्ती शोधण्याचा नाद एखाद्या निवृत्त शिक्षकास लागावा, हे त्याच्या निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने गैर असले, तरी त्याच्या स्वभावास धरूनच असते. त्यातून आमच्या पेशाची येथे आधीच एक पदावनती होऊन गेलेली आहे. पांडेसऱ्यात 'मास्तर' ही पदवी रंगाच्या मास्तरास राखीव असते; कोणत्या साडीस किती रंग, किती उष्णता व किती वेळ द्यावयाचा हे जो जाणतो तो मास्तर, त्याला मोटार असते, आणि शाळेत शिकविणाऱ्यास लोक नुसते 'सर' म्हणून सोडून देतात. तेव्हा ज्या विषयात कोणी मास्तर नाही असा एखादा विषय आपल्या नावे करून ठेवावा, हाही माझ्या नादाच्या मुळाशी असलेला एक अंतःस्थ हेतू होता, हे मी नाकारीत नाही.

नकाशा ही एकट्याने पाहावयाची वस्तू आहे, ही समजूत मात्र पहिल्याच रविवारी नाहीशी झाली. सर्वेक्षण खात्याचा एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचा जुना ताव, ज्याच्या कोपऱ्यात ४६ सी/१६ असा कैद्याच्या बिल्ल्यासारखा क्रमांक छापलेला असतो, तो मी ओट्यावर पसरला न पसरला तोच सोसायटीतील मंडळी भोवती जमली. आणि मला असे आढळून आले की नकाशात आपण सध्या कोठे बसलो आहोत हे पाहण्याची इच्छा कोणालाच नाही, प्रत्येकास आपण जेथून निघालो ते गाव पाहावयाचे आहे. आमच्या शेजारचे आबा मूळचे अमळनेरचे. त्यांनी चष्मा पुसला, ताव आडवा केला, उभा केला आणि विचारले, "सर, यामा आम्हनं अमळनेर कोठे शे?" अमळनेर या तावात नाही, त्याला खानदेशचा ताव लागतो, असे मी सांगताच त्यांचा चेहरा, तिकीट काढल्यावर गाडी रद्द झाल्याचे कळलेल्या प्रवाशासारखा झाला. लूमवर काम करणाऱ्या गंजामच्या तरुणाने ओडिशाची चौकशी केली. आणि एक जमिनीचे दलाल, ज्यांना सर्वजण आदराने नुसते 'भाई' म्हणतात, त्यांनी रेल्वेच्या फाट्यावर बोट ठेवून अत्यंत शांतपणे प्रश्न टाकला, "साहेब, आमां रोड केटला फूटनो छे?"

पांडेसरा दाखविल्यावर आबांनी त्या ठिकाणी नाक टेकविले. थोडी घरे, थोडी झाडे, एक पाऊलवाट, एक नागमोडी रेघ. "आठे ते काहीज नही," असा त्यांनी निर्णय दिला, आणि त्या निर्णयात निराशेपेक्षा समाधानच अधिक होते. कारण जेथे काहीच नव्हते तेथे आपण आलो आणि मग सर्व झाले, ही भावना स्थलांतर केलेल्या प्रत्येक मनुष्यास मनातून सुखाची असते.

जो जो मागे जावे तो तो हे 'काहीच नसणे' वाढतच जाते, हा माझा पुढचा शोध. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय दर्यावर्दींच्या नकाशांत सुरत मोठ्या मानाने विराजमान आहे. तापीचे मुख, त्यातील वाळूचे दांडे, ज्या सुवाळीच्या बंदरात मोठी गलबते नांगर टाकीत आणि जेथे १६१२ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांच्या आरमारांची झटापट झाली ते सुवाळी, आणि पाण्याची खोली किती वाव आहे याचे आकडे, हे सर्व अशा नकाशांत मोठ्या काळजीने भरलेले असते. पण किनारा संपला की नकाशाकाराची जिज्ञासाही संपते. ज्या जमिनीवर गलबत चालत नाही ती जमीन असून नसल्यासारखीच; तेथे कोरा कागद, आणि कागद फारच कोरा दिसू लागला तर एखादे होकायंत्राचे कमळ. पांडेसऱ्याच्या जागी असा कोरा कागद पाहून आबांनी उसासा टाकला. भाईंचे डोळे मात्र पाणावले. "आ तो आखी ओपन लँड छे!" ते म्हणाले, आणि किती तरी वेळ ते त्या कोऱ्या भागावरून, देवळातील मूर्तीच्या पायांवरून फिरवावा तसा हात फिरवीत राहिले.

आपल्याकडील नकाशाकारांची दृष्टी याहून निराळी होती. जयपूरच्या सवाई मानसिंह संग्रहालयात सुरत शहराचा अठराव्या शतकातला एक मोठा नकाशा आहे आणि तो कापडावर काढलेला आहे, हे मी मंडळींस सांगितले, तेव्हा इतका वेळ उंबऱ्याशी तटस्थपणे उभे असलेले रंगाचे मास्तर प्रथमच पुढे सरसावले. कापड कोणते? सुती असावे, असे मी म्हणालो. रंग पक्का राहिला आहे का? पाणी लागले तर पसरेल का? धुलाई कशी करतात? या प्रश्नांना माझ्यापाशी उत्तरे नव्हती. आणि सुरतेचा नकाशा कापडावर असणे हे आमच्या मंडळींस इतके स्वाभाविक वाटले की जगातील इतर शहरांचे नकाशे कागदावर का असतात, याचेच त्यांना नवल वाटू लागले. मास्तरांच्या मते त्या नकाशाची नक्कल साडीच्या पदरावर उत्तम उठेल. किल्ला पदरावर, तापी काठावर, असा त्यांनी तत्काळ आराखडाही सांगितला. संशोधनाच्या एवढ्या जवळ येऊन व्यापारात उतरणे हे या शहराच्या परंपरेस सर्वस्वी अनुसरूनच झाले.

परंतु आबांस इतिहासाची खरी गोडी लावली ती जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने. हिऱ्यांच्या व्यापारासाठी सतराव्या शतकात अनेकवार हिंदुस्थानात आलेल्या या गृहस्थाने सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाण्याच्या वाटेवरील मुक्काम व त्यांमधील कोस यांची यादी दिलेली आहे. आणि ही यादी म्हणजे शब्दांचा नकाशाच होय. बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर. नवापूरच्या तांदळास कस्तुरीचा वास येतो अशी शिफारसही त्याने जोडली आहे. ही नावे मी वाचीत असताना श्रोत्यांत एक विलक्षण चळवळ सुरू झाली, कारण पांडेसऱ्यातील प्रत्येक खानदेशी मनुष्याच्या दृष्टीने ही यादी म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री सुटणाऱ्या गाडीच्या पाटीवरील मजकूर होता. नवापूर आले तेव्हा कोणाची तरी मावशी निघाली, नंदुरबार आले तेव्हा दोघे उभे राहिले, थाळनेरला एकाने 'आम्हनं शेत शे तठे' असे सांगून टाकले. आबा चोपड्यानंतर कान देऊन बसले होते. बऱ्हाणपूर आले, खानदेशापुरती यादी संपली.

"अमळनेर?"

अमळनेर नाही, असे मला सांगावे लागले.

"चोपडं शे, आनि अमळनेर नही?"

या उद्गारातील वेदना समजण्यास आबांचे व्याही चोपड्याचे आहेत ही माहिती आवश्यक आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसाने आपल्या व्याह्यांचा पक्ष घेतला, या कल्पनेने ते दोन दिवस अस्वस्थ होते. आणि ताव्हेर्निये हा हिऱ्यांचा व्यापारी असल्याने त्याला अमळनेरास काम नसावे, हे माझे समर्थन त्यांना अपमानात भर घालणारे वाटले. अखेर तापी व्हॅली रेल्वेने त्यांची मर्यादा राखली. १९०० च्या सुमारास सुरतेहून पूर्वेकडे निघालेला हा लोहमार्ग नंदुरबार घेऊन अमळनेरास पोहोचला, आणि चोपड्यास आजतागायत आगगाडीची शिटी ऐकू गेलेली नाही. रेल्वेच्या नकाशात ही गोष्ट मी त्यांना दाखविली. आबांनी तो नकाशा माझ्याकडून मागून नेला, तो अद्याप परत आलेला नाही. व्याही येतात तेव्हा तो भिंतीवर असतो, असे कळते.

पांडेसरा कोणी वसविला, याचे उत्तर ताव्हेर्नियेची यादी आणि रेल्वेचा नकाशा यांच्या मध्येच कोठे तरी आहे, असे मला वाटते. एके काळी बऱ्हाणपूर-खानदेशाचे कापड बैलांच्या पाठीवरून याच वाटेने सुरतेच्या बंदराकडे येई. आता त्याच वाटेने माणसे येतात, येथे कापड काढतात, आणि वर्षाकाठी एकदा त्यातलीच एक साडी घेऊन गावी जातात. बैलांना परतीचा माल अधिक मिळत असावा.

बऱ्हाणपूर या नावाशी निगडित असलेले आणखी एक प्रकरण आमच्या ओट्यावर निघणे अपरिहार्यच होते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा शहराच्या दक्षिणेस उधना येथे त्यांची फौज आली आणि नंतर बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत महाराजांचा डेरा पडला, असे इतिहासकार सांगतात. शहराचा अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, जॉर्ज ऑक्झेंडनने इंग्रजांच्या वखारीचा बंदोबस्त केला, आणि पुढे जे झाले ते मराठी चौथीच्या मुलास पाठ असते. उधना ते पांडेसरा हे अंतर शेअर रिक्षाने इतके थोडे आहे की रिक्षावाला सुटे पैसे शोधीपर्यंत ते संपते. तेव्हा तळ नेमका कोठे पडला, हा प्रश्न उपस्थित होताच आमच्या सोसायटीने एकमुखाने निकाल दिला की तो येथेच पडला. शेजारच्या सोसायटीचा याविषयी भिन्न अभिप्राय होता, आणि तो त्यांच्या गणेशोत्सव मंडळाच्या देखाव्यातून व्यक्त होणार असल्याची वार्ता होती.

मी म्हणालो, उल्लेख उधन्याचा आहे, पांडेसऱ्याचा नाही. आबा या वेळेपावेतो चांगलेच तयार झाले होते. त्यांनी नकाशातील शिवेवर बोट ठेवून मला विचारले की, उधन्याची शीव पांडेसऱ्याच्या शिवेला लागून आहे ना? मग एवढ्या फौजेची घोडी काय सर्व्हे नंबर पाहून चरत होती?

या युक्तिवादास इतिहासशास्त्रात उत्तर नाही. तत्कालीन नकाशा असा कोणताही दाखविता येत नाही की ज्यावर त्या घोड्यांच्या चरण्याची हद्द आखलेली असेल. आणि पुरावा नसला म्हणजे श्रद्धेस जेवढी जागा लागते तेवढी मोकळी होते, हे भाईंनीही व्यवसायातील अनुभवावरून मान्य केले.

त्या स्वारीनंतर बादशाही हुकमाने सुरतेस पक्क्या तटाचे काम निघाले, आणि पुढे शहर त्या तटातही मावेना तेव्हा अठराव्या शतकात बाहेरून दुसरा तट झाला. त्याचे नाव मोठे भारदस्त आहे, आलमपनाह. जुन्या शहरनकाशात हे दोन्ही तट एकात एक अशा दोन कमानींसारखे तापीपासून तापीपर्यंत गेलेले दिसतात आणि त्यांच्या दरवाजांची नावे वाचताना आपण एखाद्या मोगली दरबाराची हजेरी घेत आहोत असा भास होतो. आज बाहेरच्या तटाच्या जागेवरून रिंगरोड जातो, त्याच्या दुतर्फा कापडाची मार्केटे आहेत, आणि वर उड्डाणपूल आहे. दरवाजे पडले, पण त्यांचे हुकूम चालूच आहेत. दिल्ली गेट, सहारा दरवाजा, मान दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट, लाल दरवाजा: ज्यांच्यापैकी एकाही ठिकाणी आत शिरण्यास दार नाही, अशा या स्थळांच्या आधारावर पन्नासाहून अधिक लाखांची वस्ती दररोज एकमेकांस भेटते आणि चुकत नाही. नवीन आलेला एक पाहुणा मान दरवाजापाशी उतरून दरवाजा कोठे आहे असे विचारीत होता. रिक्षावाल्याने त्याला अतिशय ममतेने सांगितले की दरवाजा नाही, पण आपण आत आहात.

पांडेसऱ्याने याबाबतीत शहराचे अनुकरण केले असले तरी दैवत निराळे निवडले. आमच्या येथील एका चौकास 'तेरे नाम चोकडी' असे नाव आहे. २००३ मध्ये त्या नावाचा एक चित्रपट आला होता, त्यातील नायकाच्या केशरचनेने देशभर न्हाव्यांस उपजीविका दिली, आणि आमच्या चौकास नाव दिले. ते आता पत्रांवर आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे, लग्नपत्रिकांवर आहे. दोनशे वर्षांनी कोणी संशोधक त्या वेळच्या 'जुन्या' नकाशात हे नाव वाचील आणि तेरेनाम नावाचा कोणी सत्पुरुष येथे होऊन गेला असावा, त्याचा संप्रदाय लांब केसांचा असावा, असा एक प्रबंध लिहील, त्याला मी आजच शुभेच्छा देऊन ठेवतो. मान दरवाजा कोणत्या मानावरून आला याविषयी आपण जी विद्वत्ता खर्च करतो ती याहून फार निराळी नसावी.

इंग्रजी अमलाखाली जमीनमोजणी आली आणि नकाशा या वस्तूचा स्वभावच पालटला. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापुरापासून जी मोजणी सुरू केली, तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्याच्या बाकीच्या जिल्ह्यांत फिरली. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर: ज्याने हे गणित बसविले त्याने रुपयाचेच भाग जमिनीवर अंथरले, आणि त्यातून काय वसूल करावयाचे आहे याविषयी रयतेच्या मनात शंका ठेवली नाही. अशा गावनकाशात देखणेपणा शोधू नये. त्यात सर्व्हे नंबरांच्या वेड्यावाकड्या चौकटी असतात, बांध असतात, विहिरी असतात, आणि जेथे काही पिकत नाही त्याला 'खराबा' म्हणून बाजूस काढलेले असते. माणसांची घरे गावठाण या एका शब्दात कोंबलेली असतात, कारण घरांवर सारा नव्हता. ज्याच्यावर आकार बसत नाही त्याला आकृतीही द्यावयाची नाही, असा तो सरळ व्यवहार होता.

हा एकच नकाशा आमच्या भाईंना अक्षरशः पाठ आहे. कोणत्या नंबरातून कोणता पोटहिस्सा निघाला, कोणाच्या आजोबांनी तो कोणास लिहून दिला, फेरफार केव्हा पडला, हे ते असे सांगतात की गावातील कुळांचे वृत्तान्त सांगणाऱ्या वहीवंच्या बारोटानेही मान खाली घालावी. सातबारा हा उतारा गुजरातेतही सातबाराच आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये विभक्त झाली, मुंबई कोणाची, डांग कोणाचा, यावर काय काय झाले ते जुन्या पिढीस ठाऊक आहे. पण सातबारा मात्र दोन्ही भावांनी न भांडता जसाच्या तसा आपापल्या घरी नेला. भाई आणि आबा यांची भाषा निराळी, देव थोडे निराळे, जेवणातील साखरेचे प्रमाण तर फारच निराळे. तथापि 'उतारा', 'नक्कल', 'दस्त' आणि 'बोजा' हे चार शब्द उच्चारले की दोघांनाही एकाच वेळी एकच घाम फुटतो.

पांडेसऱ्याचा जुना तालुका चोऱ्यासी, म्हणजे चौऱ्यांशी गावांचा. आणि या गावांच्या आसपास कोणाचे राज्य कोठे संपत होते हे एकोणिसाव्या शतकातील रंगीत नकाशांत पाहू गेल्यास डोळे दुखतात. इंग्रजी मुलूख, त्यात गायकवाडांच्या नवसारी प्रांताची ठिगळे, त्यात सचीनच्या नवाबाची ठिगळे, अशी ती सर्व गोधडी होती. आज ज्या सचीनला आमची मंडळी दुसऱ्या औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधावयास जातात, ते १९४८ पर्यंत एक संस्थान होते, आणि ते जन्मास घालण्याचा मान पुण्याकडे जातो. १७९१ मध्ये पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाशी तह केला: त्याने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना द्यावा, आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घ्यावा. सिद्दीने मुलूख घेतला, नवाब झाला, आणि त्याच्या वंशजांनी दीडशेहून अधिक वर्षे तो उपभोगला. पेशव्यांना जो हक्क मिळाला तो कागदावर होता. जंजिऱ्यावर प्रत्यक्षात दुसराच सिद्दी बसलेला होता आणि त्याला या कागदाचे विशेष वाटले नाही. ही हकिकत मी सांगितली तेव्हा भाई बराच वेळ स्तब्ध होते. "कब्जो नहोतो?" त्यांनी विचारले. नव्हता, मी म्हणालो. कब्जा पाहिल्याशिवाय दस्त केला, आणि तोही पुण्याच्या लोकांनी, या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसेना. साडेतीन शहाण्यांची परंपरा त्यांना ठाऊक नव्हती ते बरेच झाले.

सीमारेषा हा नकाशातील सर्वांत निर्विकार भाग असतो आणि माणसांना सर्वांत अधिक त्रास तोच देतो. १९६० च्या वाटणीत पश्चिम खानदेशातील नंदुरबार, नवापूर, तळोदे व अक्कलकुवा या तालुक्यांतली दीडशेवर गावे गुजरातेस गेली; जी माणसे रात्री मुंबई राज्यात निजली ती सकाळी गुजरातेत उठली, आणि त्यांच्या म्हशींना ते कळलेही नाही. तापी व्हॅली मार्गावरील नवापूर स्थानक तर दोन राज्यांत विभागलेले आहे. फलाटावरील एक बाक अर्धा महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे, तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आहे, स्थानकप्रमुख गुजरातेत बसतात. गावी जाताना आमची मंडळी त्या बाकापाशी उतरून हटकून एक प्रयोग करतात: नवऱ्याने महाराष्ट्रात बसावयाचे, बायकोने गुजरातेत, आणि मुलाने मध्ये बसून वडे खावयाचे. मुलाचे शिक्षण कोणत्या माध्यमात करावे हा घरातील जुना वाद तेथे पुन्हा निघतो आणि गाडी सुटेपर्यंत मिटत नाही.

आता त्या नागमोडी रेघेकडे वळणे प्राप्त आहे, जिच्याविषयी मी आरंभी बोललो आणि जिच्याकडे त्या रविवारी कोणीच पाहिले नाही. ती भेदवाडची खाडी. सुरतेच्या दक्षिण भागातून अशा अनेक खाड्या गेलेल्या आहेत, मिठी खाडी, कांकरा खाडी, भेदवाड खाडी. आसपासच्या शेतांतले पावसाचे पाणी वाहून नेण्याचे काम त्यांच्याकडे पिढीजात होते. जुन्या तावात ही रेघ ऐसपैस वळणे घेत जाते, एखाद्या निरुद्योगी इनामदाराने संध्याकाळी फेरफटका मारावा तशी. आज तिच्या दोन्ही बाजूंनी भिंती आल्या, भिंतींवर पत्रे आले, पत्र्यांवर मजले आले, आणि भाईंच्या परिभाषेत ती आता खाडीही राहिली नाही. "ए तो नाळुं छे," ते म्हणतात, आणि हाताने असा काही इशारा करतात की ओलांडावयास एक उडी पुरावी.

परंतु आमच्या सर्व मंडळींत जुना नकाशा खरोखर वाचणारी कोणी असेल तर ती ही खाडी. आषाढ-श्रावणात दोन दिवस संततधार लागली की तिला आपली सर्व वळणे एकदम आठवतात. ती प्रथम भिंतीशी येते, मग भिंतीच्या या बाजूस येते, मग ज्या गल्ल्या तिच्या जुन्या पात्रात वसल्या आहेत त्यांतून, एकही चोकडी न चुकता, शंभर वर्षांपूर्वीच्या रेघेवरून चालत जाते. गुजराती वर्तमानपत्रे यास 'खाडीपूर' म्हणतात. तापीच्या रेलीहून हा निराळा, उकाईचे धरण भरलेले असो वा नसो, हा आपल्या वेळेस हजर. तळमजल्यावरच्या खोल्यांत गुडघाभर पाणी होते, सिलिंडर तरंगू लागतात, आणि घरमालक छत्री घेऊन रस्त्याच्या उंच बाजूस उभा राहून, येथे कधीच पाणी येत नाही, असे गेल्या वर्षीचेच आश्वासन नव्याने देतो. गेल्या पावसाळ्यात मी तो ४६ सी/१६ चा ताव प्लास्टिकात गुंडाळून वरच्या मजल्याच्या कठड्यावर धरला आणि पाण्याची कड व कागदावरची रेघ ताडून पाहिली. आबाही शेजारी होते. थोड्या वेळाने त्यांनी नकाशात न पाहताच, पाणी आता कोणत्या घरात शिरणार ते सांगावयास सुरुवात केली, आणि ते एकदाही चुकले नाहीत. तेव्हापासून गल्लीत लोक त्यांनाच 'मास्तर' म्हणू लागले आहेत. माझे 'सर' कायम आहे.

भाईंनी मात्र त्या दिवसापासून माझ्याकडे येणे कमी केले. नकाशा पाहणारे गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नव्हे, असे त्यांचे मत झाले असावे, आणि व्यवसायाच्या दृष्टीने ते यथार्थ आहे.

ज्या वाचकांचे कोणी आप्त नंदुरबार, धुळे वा जळगावाकडून येऊन या बाजूस खोली घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी माझी एक सूचना त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी. जमीन दप्तराच्या कचेरीत गावनकाशाची नक्कल अर्ज करून व फी भरून मिळते. ती बयाणा देण्यापूर्वी घ्यावी, खोली कोणत्या नंबरात येते ते विचारून ठेवावे, आणि त्या नंबराच्या चतुःसीमेत एखाद्या बाजूस नागमोडी रेघ दिसली, तर दलालाशी वाद न घालता दुसऱ्या मजल्यावरची खोली मागावी.